घरची मशेरी

यंदाही बांधावर भांबुर्डी आली. तिला कुणी पेरत नाही, पाणी घालत नाही. भात कापून झालं, पहाटे गोधडीतून पाय बाहेर काढवेना झाला, की ती आपली आपण उगवते. गेल्या आठवड्यात वालाच्या शेंगा कितपत भरल्या ते बघायला गेले, तर पायाखाली एक झुडूप चुरडलं आणि तो वास आला. उग्र, थोडा ओव्यासारखा, थोडा औषधासारखा. आमच्याकडे या वासाने सगळ्यांना पोपटी आठवते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ. मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि वरून पेंढा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं.

मला मात्र त्या वासामागोमाग दुसरा वास येतो, तव्यावर भाजणाऱ्या तंबाखूचा. आसपास कुणी भाजत नसलं तरी येतो. दोन्ही वास एकाच थंडीत माझ्या नाकात बसले आणि आता वेगळे होत नाहीत.

आमचं गाव नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. आता इथे निम्मी शेतं कुंपणात गेली. कुंपणाच्या आत शहरातल्या लोकांचे बंगले, त्यांच्या हिरवळीवर शनिवारी दिवे लागतात. गावातली मुलं त्यांना पोपटी लावून देतात, फोनवर ऑर्डर घेतात. शेंगा कधीकधी पनवेलच्या बाजारातून आणतात. मडकं तेच, पाला तोच. मी काही त्यांना नावं ठेवत नाही. पण पोपटीभोवती उभं राहून खाणारी ती माणसं बघितली की मला आमच्या मागच्या दारी उकिडव्या बसलेल्या बायका आठवतात, आणि त्यांच्यात माझी जाऊ.

गोमती तिचं नाव. थोरल्या दिराची बायको. मी तिला बाय म्हणते, ती मला हिरे म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या तोंडातून शब्द निघत नसे. कुणी पाहुणा आला की मी चुलीपाशी जाऊन बसायची, आणि माझ्या वाटचं सगळं गोमतीच बोलायची. "तिला भूक लागलीय." "तिला माहेरी जायाचा हाय." "तिला नको भात, तिचा पोट दुखतंय." मला काय होतंय ते तिला माझ्याआधी कळायचं. सासू म्हणायची, "देवानं दोघींना एकच तोंड दिलंय, ता पण मोठीकडं." मी हसायची. ते खरंच होतं आणि मला त्यात काही कमी वाटत नव्हतं.

सासूला सगळे आय म्हणत. माझ्या पहिल्याच सकाळी आयने माझ्या तळहातावर मशेरीची चिमूट ठेवली होती. मशेरी म्हणजे तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. बायका ती बोटाने दातांना लावतात. आमच्यात तिला तंबाखू कुणी म्हणत नसे. तंबाखू पुरुष खातात. आम्ही दात घासायचो. सकाळी घासायचो, जेवल्यावर घासायचो, शेतातून आलो की घासायचो. माहेरी मला सवय नव्हती. पहिल्या दिवशी डोकं गरगरलं आणि मी ओट्याला धरून बसले. गोमतीने पाणी दिलं आणि म्हणाली, "व्हईल सवय. नाय झाली तर सकाळी आमच्यात बसशील कशी?" तेच खरं कारण होतं. मला मशेरी नको होती, मला त्यांच्यात बसायचं होतं.

तेव्हा पुडी मिळायची, दुकानातली. मग त्या पुडीवर चित्र यायला लागलं. आधी लहान होतं, पुढे निम्म्या पुडीएवढं झालं. सडलेलं तोंड, उघडा पडलेला जबडा. आणि चित्राबरोबर पुडीचा भावही वाढत गेला. पुरुषांच्या गुटख्याला तर बंदीच आली. थोरले भावोजी तेव्हा कळंबोलीला लोखंडाच्या ट्रकवर होते. ते म्हणायचे, बंदीनंतर एवढंच झालं, की टपरीवर माळेसारख्या लटकणाऱ्या पुड्या खाली उतरल्या आणि गल्ल्याच्या आत जाऊन बसल्या. मागणाऱ्याने नुसता डोळा करायचा.

आमची पुडी मात्र समोरच होती, चित्रासकट. बायका डोळे झाकून ती डबीत रिकामी करायच्या आणि कागद चुलीत टाकायच्या. एकदा गोमतीने कागद माझ्यापुढे धरला.

"हिरे, तू चौथी शिकलीस. वाच बरं काय लिवलंय."

मी अक्षरं लावत वाचलं. तंबाखूने तोंडाला रोग होतो, माणूस दगावतो, असं होतं. कुणीतरी पदराने तोंड पुसलं.

आय म्हणाली, "ता कंपनीचा हाय म्हणून. त्यात कायबाय मिसळतात. आमी पूर्वी घरीच भाजायचो. कुणाला काय झाला? माझी सासू दात पडंपर्यंत जगली."

"आन् दात कशानं पडलं?" गोमतीने विचारलं.

सगळ्या हसल्या. आयही हसली. आणि मला, पुडी वाचून दाखवणाऱ्या मला, आयचं म्हणणं पटलं. चित्र पुडीवर आहे, म्हणजे वाईट पुडीत आहे. घरच्या लोणच्यावर, घरच्या पापडावर कुठे काय छापलेलं असतं? घरचं ते चांगलं. लहानपणापासून हेच ऐकत आले होते. त्यात चूक कुठे शोधायची हे मला कळलं नाही, अजूनही नीट कळत नाही.

म्हणून त्या थंडीत आम्ही पुडी सोडली आणि घरी भाजायला लागलो.

त्या दुपारी मला फार आठवतात. वाल खुडून आणलेला असायचा. मागच्या दारी तीन दगडांची चूल, त्यावर जुना लोखंडी तवा. आठवडा बाजारातून आणलेला तंबाखूचा पाला आय हाताने मोडून तव्यावर टाकायची. आधी पिवळसर धूर, मग काळा. ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. शेजारची कमळाकाकी प्रत्येक वेळी म्हणायची, "सुनांना रडायला बरा निमित्त मिळतंय," आणि स्वतः सगळ्यांत आधी डोळे पुसायची. पाला काळा झाला की खाली उतरायचा, निवला की वाटीच्या बुडाने चुरायचा, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचा. मग ज्याच्या त्याच्या डबीत. हात काळे, नाकपुड्या काळ्या. कोणाची सून कशी, कोणाचा नवरा कुठे पडला, कोणी जमीन विकून कोणती गाडी घेतली, सगळं त्या तव्याभोवती निघायचं. मीसुद्धा बोलायची. धुरात कोण बोललं ते पटकन कळत नाही, म्हणून असेल.

त्या दुपारांचा मला राग आला असता तर बरं झालं असतं. तो येत नाही, हेच जड जातं. मी आयुष्यात इतकी कधी हसले नाही. एवढं वाईट त्या तव्यावर भाजत होतं आणि आम्ही त्याच्याभोवती इतक्या सुखात होतो.

त्याच थंडीत आमच्या शेतावर पोपटी लागली. मडक्यावर पाण्याचा शिपका मारला, चर्र आवाज आला, म्हणजे झाली. मडकं उलटं केलं. शेंगा वाफाळत बाहेर पडल्या. गोमतीने एक शेंग दातांनी सोलली आणि एकदम गाल धरला. शेंग तशीच बाजूला ठेवली.

"ओवा जास्त झाला," ती म्हणाली.

ओवा नेहमीसारखाच होता. मी मीठ चाटून बघितलं, तेही नेहमीसारखंच. दुसऱ्या दिवशी पेंढ्याच्या उडवीमागे तिने मला बोलावलं आणि बोटाने ओठ बाजूला केला. गालाच्या आत, खालच्या दातांपाशी, जिथे ती मशेरी दाबून धरायची तिथे, पांढरा चट्टा होता आणि मधोमध लाल.

"ठणकतं?"

"मीठ लागला तर. मशेरी लावली का थांबतं."

म्हणून ती जास्त लावत होती. जखमेवरच लावत होती. ठणका खरंच थांबायचा.

त्याच आठवड्यात एक मुलगी आली. मुंबईच्या कॉलेजातली, अर्थशास्त्र शिकणारी, अस्मिता नावाची. पाठीवर पिशवी, हातात टॅब. आमच्याकडे विचारायला आलेला माणूस म्हणजे जमीन मोजायला आलेला, असंच सगळे धरून चालतात. म्हणून आयने आधी तिला विचारलं, "कोणच्या सातबाऱ्याचा काम हाय?" ती हसली. म्हणाली, "जमिनीचं नाही, आजी. तोंडाचं आहे."

ती खाली आमच्यातच बसली, शेंगा सोलायला लागली. मग तिने समजावून सांगितलं. सरकार एखाद्या वस्तूचा भाव वाढवतं, पुडीवर चित्र छापतं, बंदी घालतं. त्याने लोकांची सवय सुटते का, तब्येत सुधारते का, की लोक दुसरंच काही धरतात, हे तिला शोधायचं होतं. "एक दार लावलं की माणूस घरी परत जातो, की मागच्या दाराने आत शिरतो, एवढंच बघतो आम्ही," ती म्हणाली. मला ते फार आवडलं होतं. आमच्या मागच्या दारीच तर तवा होता, अजून कोमट.

"मशेरीची पुडी घेता का?"

"नाय," आय म्हणाली.

"आधी घ्यायचात?"

"आधी घ्यायचो. आता सोडली."

"महाग झाली म्हणून? की चित्र बघून?"

"दोन्ही."

"आणि घरी कुणी भाजतं का?"

आय म्हणाली, "घरी कोण बसतंय भाजत, बाय? कामं थोडी हायत का?"

कमळाकाकीने मान हलवली. सगळ्यांनी हलवली. कुणाला त्या मुलीला फसवायचं नव्हतं. कळून जर काही लफडं लागलं, तर काय घ्या. न सांगितलेलं बरं. तिला वास आला नसेल असं मला वाटत नाही. आमच्या सगळ्यांच्या बोटांच्या पेरांत काळं होतं. पण ती कुणाचा हात धरून बघणारी नव्हती. तिने टॅबवर बोट फिरवलं आणि तो बंद केला. आणि मग उठायच्या आधी, जरा हळू आवाजात म्हणाली, "हे माझ्या अभ्यासाचं नाही, असंच सांगते. तोंडात कुणाला पांढरा चट्टा असेल, न भरणारी जखम असेल, तर सोमवारी नेऱ्याला तोंड तपासायला डॉक्टर येणार आहेत. दुखत नाही. एकटीने यायला लाज वाटत असेल तर कुणाला तरी सोबत घेऊन या."

गोमतीने माझ्याकडे पाहिलं.

ती दुसरीकडे कुठे बघतच नव्हती. माझ्या वाटचं बोलणारी ती बाई, त्या एका वेळेला तिला स्वतःच्या वाटचं कुणीतरी बोलायला हवं होतं. आयच्या समोर, कमळाकाकीच्या समोर, 'हिला दाखवायचंय, मी जाते हिच्यासोबत,' एवढंच. मी शेंगांच्या टोपलीत बघत राहिले. शब्द घशापर्यंत आला होता, हे मला आठवतं. मग आय काहीतरी बोलली, कुणी चहाचं विचारलं, आणि ती वेळ गेली. सोमवारी गोमती सकाळी चापूनचोपून लुगडं नेसली होती. मी विचारलं नाही कुठे निघालीस. ती दुपारपर्यंत तशीच कामं करत राहिली, मग रोजचं जुनेर नेसली.

शिमग्याला तिचा गाल सुजला तेव्हा भावोजींनी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जबड्याचा एक भाग आणि गाल काढला, मांडीची कातडी लावली, आणि तिला वाचवलं. डॉक्टर भावोजींना म्हणाले होते, थोडं आधी आणलं असतं तर एवढं कापावं लागलं नसतं. थोडं आधी म्हणजे किती, हे भावोजींनी विचारलं नाही. मी मनात विचारते. प्रत्येक थंडीत विचारते. उत्तर मला ठाऊक आहे, तरी विचारते.

आयने त्या दिवसापासून मशेरी लावली नाही. तव्यात कोंबड्यांना पाणी ठेवू लागली. ती गेली तोवर तसंच ठेवायची. मीही सोडली. सकाळी डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, चिडचिड व्हायची. गोमतीसमोर तेही बोलायची चोरी.

गोमती आता पदर गालावर धरून असते. तोंड बोटभर उघडतं. भात मऊ करून, माशाचा काटा काढून, वाल कुस्करून द्यावा लागतो. तिचं बोलणं बाहेरच्या माणसाला कळत नाही. शब्द कडा झिजल्यासारखे येतात. मला कळतात. आता तिचं मी बोलते. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांत. "तिला पाणी पाहिजे." "तिला नको म्हणते." कुणी आमच्यापासून तोंड काढून घेतलं नाही, फक्त ते एकीकडून दुसरीकडे आलं. पण मी बोलते ते तिच्यासारखं नाही. तिच्या बोलण्यात मिरची असायची. माझ्या तोंडून तेच शब्द मिळमिळीत होऊन निघतात, आणि ती कपाळाला हात लावते.

कधी मला वाटतं, त्या अभ्यासात आमच्या गावाचं काय लिहिलं गेलं असेल. भाव वाढला, चित्र छापलं, बायकांनी पुडी सोडली. सगळं खरं. चित्र काढणाऱ्याने खोटं काढलं नव्हतं, भाव वाढवणाऱ्याने आमचं वाईट चिंतलं नव्हतं, विचारणारीने नीट विचारलं होतं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि मधल्या फटीतून माझ्या जावेचा गाल गेला. हे असं लिहिताना हात थांबतो. फट म्हणजे काय, तर मीच तिथे बसले होते, टोपलीत बघत.

परवा आमच्या शेतावर यंदाची पहिली पोपटी झाली. घरची माणसं आणि शेजारची. कमळाकाकीची सून रोशनी आली होती. दोन लेकरांची आई, हसरी. मडकं उलटं झालं, शेंगा पसरल्या. मी गोमतीसाठी वाल सोलून वाटीत कुस्करत होते. रोशनीने अंड्याला मीठ लावून घास घेतला आणि गाल आत ओढला. मग अंडं हळूच मुलाच्या हातात दिलं.

"आवडला नाय?" मी विचारलं.

"मीठ जास्त झाला गं, काकी."

मी मीठ चाटून बघितलं नाही. गोमतीकडे पाहिलं. ती रोशनीकडे बघत होती.

आज दुपारी आम्ही दोघी ओट्यावर वाल निवडत बसलो होतो, आणि कमळाकाकीच्या मागच्या दारातून धूर आला. आधी मला वाटलं, माझ्या नाकातलाच जुना वास असेल. पण गोमतीने हातातली शेंग खाली ठेवली. उठली, पायात चपला न घालता चालायला लागली. मी तिच्यामागे गेले.

तीन दगड, तवा, काळा धूर. रोशनी काटकीने पाला हलवत होती आणि कमळाकाकी आता चष्मा लावून वाटीने चुरत होती.

"या गो," काकी म्हणाली, मग आमच्या तोंडाकडे बघून तिचा हात थांबला. "पुडी परवडंना झाली. आन् पुडीत काय असतं, कुणाला ठाव. ही आपली घरची."

गोमती तव्यापाशी रोशनीच्या समोर बसली. गालावरचा पदर तिने काढला. दिवसाउजेडी, परक्या अंगणात, मी तिला पदर काढताना कधी बघितलं नव्हतं. रोशनीने नजर वळवली नाही. गोमती काहीतरी बोलली.

"काय म्हणते गो ती?" काकीने मला विचारलं.

मी धुरातून पुढे झाले.

"ती म्हणते," मी म्हणाले, "घरच्या मशेरीवर चित्र नसतं. म्हणून ती स्वतःचं तोंड दाखवायला आलीय."

तव्यावरचा पाला जळायला लागला. कमळाकाकी पुटपुटली, "पोरीला कशाला भिववताव?" रोशनीने काटकी बाजूला ठेवली आणि नकळत जीभ गालात फिरवली, त्याच बाजूला. गोमती माझ्याकडे बघत होती, त्या वर्षी बघितलं होतं तसंच.

मग मी बोलले. तिचं नाही, माझं.

"रोशनी, उद्या दवाखान्यात जाऊ. चल, मी येते सोबत."

रोशनीने सासूकडे पाहिलं, मग मान हलवली.

घरी येताना गोमतीने माझा हात धरला होता. तिला राग नव्हता, कधीच नव्हता. ते मला सोसतं असं नाही. मी फक्त मघाचं बोलणं मनात पुन्हा म्हणून बघत होते. चल, मी येते सोबत. एवढंच वाक्य होतं. त्या थंडीतही ते एवढंच होतं.